श्री. कै. रामधन चव्हाण यांना

ऊसतोडीला गेलेली माणसं परतली की तांडा भरतो, आणि तांडा भरला की लग्नं निघतात. यंदा पहिलं लग्न बादल राठोडच्या रीताचं होतं. राठोडांचा गोतावळा मानोऱ्यापासून शेलूबाजारापर्यंत पसरलेला, त्यात निम्मे लोक पुण्याकडे बांधकामावर. पत्रिका घेऊन फिरायचं कुणी? तेव्हा निमंत्रणं मोबाइलवर धाडावीत असं ठरलं. त्यावर म्हातारी गोजराबाई फणकारली, "वर माहं नाव नसलं तं मी येनार नाई. बिननावाचं बलावनं म्हंजे दवंडी!"

तिचं म्हणणं साऱ्यांना पटलं. आता घराघराचं नाव घालून एवढे निरोप लिहिणार कोण, म्हणून बादलनं ते काम मंजूवर सोपवलं.

मंजू आडे ही तांड्यातून मानोऱ्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी एकटीच पोर. हिवाळ्यापासून ती पायथॉन शिकत होती. त्या भाषेत मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. अवतरणचिन्हांत जे घालाल ते यंत्र जसंच्या तसं सांभाळतं. एका मजकुराला दुसरा जोडता येतो, मधे मोकळी जागा ठेवून तिथे हवं ते नाव भरता येतं, एक शब्द उचलून त्या जागी दुसरा बसवता येतो. तिथल्या यूसरा मॅडम हसून सांगत, "बेटा, यंत्राला अर्थ कळत नाही. त्याला फक्त अक्षरं दिसतात." मंजूला ते वाक्य पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि उमगणं वेगळं.

निमंत्रणाचा मजकूर तिनं मन लावून लिहिला. गुरुवारचा उपास सोडायला बसलेल्या याडीनं, म्हणजे तिच्या आईनं, घास हातात धरूनच विचारलं, "देवाचं नाव वर घातलं का?" घातलं होतं. सर्वांत वर 'जय सेवालाल', त्याखाली 'श्री.' नाहीतर 'श्रीमती' आणि नावाची मोकळी जागा, आणि पुढे 'रामधन राठोड यांची नात, बादल राठोड यांची कन्या रीता' असं सगळं ओळीनं. एक कळ दाबली की गोजराबाईचं निमंत्रण वेगळं, शेलूबाजारच्या आत्याचं वेगळं. याडी पाहतच राहिली.

निमंत्रणं निघणार तेवढ्यात बादलचा फोन आला. "पोरी, माह्या बापूच्या नावापुढं कै. लावाचं राह्यलं. बरं नाई दिसत ते."

बादलचे वडील रामधन राठोड जाऊन वर्ष होत आलं होतं. मंजूनं वरचा मजकूर उघडलाच नाही. घाईघाईनं अगदी शेवटी एक ओळ जोडली. 'रामधन' दिसेल तिथे 'कै. रामधन' कर. पहिलं निमंत्रण गोजराबाईचं निघालं, ते तिनं नीट वाचून पाहिलं. झकास होतं. मग बादलच्या फोनवरून सगळी धाडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादल मंजूच्या अंगणात उभा. चेहरा पार उतरलेला.

"कोनाले मारलं पाय," त्यानं फोन पुढे धरला.

'श्री. कै. रामधन चव्हाण यांना सप्रेम निमंत्रण.'

मंजूनं फोन हातात घेऊन नाव पुन्हा वाचलं. रामधन चव्हाण म्हणजे तांड्याचे नाईक, तांड्याचे प्रमुख. बादलच्या वडिलांचे जिवलग मित्र, नावानंही एक. चांगले धडधाकट. आणि नाईकानं अरदास, म्हणजे देवाची नि पूर्वजांची प्रार्थना, केल्याशिवाय मांडवातलं पहिलं पान वाढलं जात नाही. रीताच्या लग्नात तर त्यांनाच वडीलधारं म्हणून उभं राहायचं होतं.

"येत नाई म्हनून निरोप धाडला त्याईनं. मेलेल्या मानसाचं लग्नात काय काम, म्हनते," बादल म्हणाला. "माहा फोन बी उचलून नाई राह्यले. आता तूच जाय, बाई."

मंजूनं लॅपटॉप छातीशी धरला, मनात देवाचं नाव घेतलं आणि निघाली.

नाईक कडुलिंबाखाली बाजेवर उताणे पडले होते. गळ्यापर्यंत पांढरी चादर, डोळे मिटलेले. दारात त्यांची बायको नानीबाई तूर निवडत बसली होती आणि पदर तोंडाशी धरून हसत होती.

"आबाजी," मंजू हळूच म्हणाली.

"नानी, कोन आलं पाय वं. मले तं आता दिसत नाई."

"मेलेल्यानं सकायी दोन भाकरी खाल्ल्या, पोरी," नानीबाई म्हणाली. "वरून ठेचा बी मांगतला. बस तू. मरनाची खोटी वार्ता उठली का मानसाचं आयुष्य वाढते. म्या तं देवाले नारळ कबूल केला."

"तुले कायले पायजे माहं आयुष्य? भांडाले?"

"मंग? दुसऱ्या कोनासंग भांडू?"

मंजूला हसू आलं आणि रडूही. ती बाजेजवळ खाली बसली. "चूक माही हाये, आबाजी. बादलकाकाची नाई. त्याईच्या लग्नावर राग काढू नका." मग तिनं लॅपटॉप उघडून सगळं सांगितलं, पाटीवर शिकवावं तसं. हा मजकूर, ही नावाची मोकळी जागा, आणि ही शेवटची ओळ. "आधी तुमचं नाव भरलं गेलं, अन् त्याच्यावरून ही ओळ फिरली. पयले खालचं कै. लावून मंग नाव भरलं असतं, तं काईच झालं नसतं."

चादर हळूहळू खाली सरकली. नाईक कोपरावर उठले. "म्हंजे रामधन म्हटलं का हे कै. ठोकून देते?"

"हो जी."

"कोनचा रामधन, हे न पाहता?"

"त्याले मानूस नाई दिसत. अक्षरं सारखी दिसली का झालं."

"तपासलं नाई तुनं?"

"पयलं तपासलं. बाकी तसेच सोडले."

"शिकलेल्याची हीच खोड," नाईक म्हणाले. पण त्यांच्या आवाजातला ताठा उतरला होता. "कर नीट. मले पाहू दे."

तिनं शेवटची ओळ पुसली, वरच्या मजकुरातच राठोडांच्या नावापुढं कै. लिहिलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "दाबा तुमीच." नाईकांनी अंगठा ठेवला. पडद्यावर निमंत्रण उमटलं. 'श्री. रामधन चव्हाण यांना सप्रेम निमंत्रण.'

"झाला जिता!" नानीबाईनं दारातून टाळी वाजवली.

नाईक मात्र हसले नाहीत. ओळीवर बोट ठेवून ते एकेक शब्द वाचत होते. 'कै. रामधन राठोड यांची नात' इथे बोट थांबलं, ते पुढे सरकेचना.

"हे काढ."

"बादलकाकानंच सांगतलं होतं, आबाजी. ते तं खरंच गेले ना."

"गेला. मीच खांदा देल्ला त्याले." नाईकांनी चादरीची घडी घालायला घेतली, मग तशीच मांडीवर ठेवली. "माह्या नावापुढं लावलं त्याचा राग नाई, पोरी. ते म्या हसन्यावारी नेलं असतं. पन खाली त्याच्या नावापुढं पाह्यलं अन् पुढचं वाचवलंच नाई. असं लिवलेलं कदी पाह्यलंच नवतं." त्यांनी पडदा स्वतःकडे ओढला. "अरदास करतो तवा आपन जुन्या मानसायले नाव घेऊन बलावतो. या म्हनतो, भोग घ्या म्हनतो. तवा काय कै. लावून हाक मारतो? नात त्याची हाये. त्याले बलावनं गेलं का?"

मंजूनं मान हलवली. गेलं नव्हतं. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"मंग त्याले नाई तं मले बी नाई."

चूक दुरुस्त करणं मंजूच्या हातात होतं, पण कै. काढणं नि गेलेल्याला बोलावणं बादलच्या हातात होतं. तिनं फोन लावला आणि सारं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून बादलनं नुसतं ऐकून घेतलं. मग फोन कटला.

"राग आला असन त्याले," मंजू पुटपुटली.

"येऊ दे," नाईक म्हणाले. पण डोळे वाटेकडे लागले होते.

नानीबाईची तूर निवडून होते तोच बादल आला, पायी, घामाघूम. कुणाशी न बोलता तो बाजेच्या पायथ्याशी बसला. "काकाजी, लोक काय म्हनतीन म्हनून लावलं होतं म्या."

"लोकायले माईत हाये कोन गेलं अन् कोन राह्यलं."

बादलनं मंजूकडे पाहिलं. "भर बापूचं नाव."

मंजूनं मजकुरातलं कै. काढलं आणि मोकळ्या जागेत नाव भरलं. 'श्री. रामधन राठोड यांना सप्रेम निमंत्रण.' फोनवर आलेली ती ओळ बादलनं वाचली, पुन्हा वाचली, आणि मनगटानं डोळे पुसले.

"बापूले फोन कुठचा? वाचूनच दाखवा लागन," तो म्हणाला. "नाल्याकाठी, जिथं अग्नी देल्ला तिथं जातो. घरून गूळ आनतो, पान्याचा तांब्या आनतो."

"गूळ आमच्याच घरचा ने," नानीबाई उठली. तांब्या भरून तिनं त्यावर गुळाची वाटी ठेवली.

नाईकांनी चपला पायांत सरकवल्या. "दे इकडं तो तांब्या. त्याले बलावाले तू एकटा जाशीन तं मले शिव्या देईन तो."

"अन् लग्नाचं, काकाजी?"

"कायचं लग्नाचं? अरदास का तुहा सासरा करनार हाये?"

बादल हसला आणि दोघं नाल्याच्या वाटेला लागले. पुढे नाईक तांब्या सांभाळत, मागे बादल फोन हातात धरून. नानीबाई ओरडून सांगत होती की जेवायला वेळेवर परत या, जित्या माणसाला भूक लागते.

मंजू कडुलिंबाखालीच बसली. साऱ्यांची निमंत्रणं तिनं नव्यानं काढली आणि धाडण्याआधी एकेक वाचू लागली. नानीबाई शेजारी येऊन टेकली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मंजू मोठ्यानं वाचत होती, आणि प्रत्येक नावाला म्हातारी त्या माणसाचं काहीतरी सांगत होती.