ठोंब्याचं बटण

दादा गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीचा माणूस येऊन लॅपटॉप घेऊन गेला. वहिनीने तो पुसून, चार्जरसकट पिशवीत घालून दिला. दुसऱ्याची वस्तू घरात राहायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. कंपनीने आठवड्याभरात तो कोरा करून दुसऱ्या कोणाला तरी देऊनही टाकला. बाबांच्या आवाजाचा सगळा मूळ कोड त्याच लॅपटॉपवर होता, हे त्या गडबडीत कोणाच्या डोक्यात यायचं? चिमीच्या यायला हवं होतं. तीही त्याच, सॉफ्टवेअरच्या धंद्यातली. पण त्या दिवसांत चिमीच्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं, आणि आता आठ महिने झाले तरी फारसं शिरत नव्हतं.

चाळिशीची बाई, पण घरी सगळ्यांची चिमीच. ती जेवत होती, ऑफिसला जात होती, तिला झोपही लागत होती. रडू मात्र एकदाही आलं नव्हतं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधीर झाली होती. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंगच आपलं वाटत नव्हतं.

बाबांच्या आवाजाची गोष्ट अशी. बाबा छापखान्यात मशीनमन. चाळीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून काम केलेलं, त्यामुळे घरात साधं "मीठ दे" म्हणाले तरी शेजारी दचकायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनला तीन आठवडे होते. दादाने रोज संध्याकाळी बाबांना कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसवलं, कारण कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, आणि त्यांच्याकडून वाक्यं, शब्द, नुसती अक्षरंसुद्धा बोलून घेतली. मग त्याने टॅबलेटवर चालणारं एक वेब ॲप बनवलं. चाळीस बटणं, दाबेल ते वाक्य बाबांच्या आवाजात ऐकू यायचं. नेहमीची वाक्यं अख्खी रेकॉर्ड केलेली होती. दुसरं काही लिहिलं तर ॲप अक्षरं जोडून बोलायचं. तो आवाजही बाबांचाच असे, पण भर झोपेतून उठवलेल्या बाबांचा.

त्या तीन आठवड्यांत चिमी एकदाही आली नाही. ऑफिसात मोठं काम होतं हे खरंच होतं. पण बाबा शेवटचं बोलतायत हे समोर बसून ऐकायची तिची छाती झाली नाही, हे त्याहून खरं होतं. दादाने दोनदा फोन केला.

"अगं, अर्धा तास तरी येऊन जा. तुझं नाव त्यांच्याकडून नीट निघतच नाहीये. समोर माणूस नसताना हाक मारायला जमत नाही म्हणे. मी काय वेडा आहे का रिकाम्या भिंतीला हाका मारायला, असं म्हणतात."

"रविवारी येते," चिमी म्हणाली होती. रविवार आला आणि गेला.

दादा मात्र रोज समोर असायचा. त्यामुळे त्याची हाक अगदी झकास निघाली: "ठोंब्या, इकडे ये जरा." बाबा त्याला लहानपणापासून ठोंब्याच म्हणायचे. तो पहिला नंबर काढो की नापास होवो, ठोंब्या. त्या हाकेत वैताग होता, हुकूम होता, आणि पोराशिवाय आपलं पान हलत नाही याची कबुलीही होती. दादाने ते बटण सगळ्यात पहिलं ठेवलं, वरच्या डाव्या कोपऱ्यात.

ॲप तयार झाल्यावर चिमीने पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बटणं फार लहान आहेत."

"मग मोठी तू कर," दादा हसून म्हणाला. विषय तिथेच राहिला.

आता बाबांचे हात कापायला लागले होते. पाणी मागायला जावं आणि "दिवा बंद कर" वाजावं, उशी मागावी आणि "कोण आलंय?" असा दणदणीत प्रश्न रिकाम्या दाराला विचारला जावा. चारपाच वेळा असं झाल्यावर बाबांनी टॅबलेट पालथा घातला, तो दोन महिने तसाच होता. पेन हातात धरवत नव्हतं, त्यामुळे लिहिणंही संपलं. वहिनीने एक घंटी आणून उशाशी ठेवली. बाबांनी ती शांतपणे पलंगाखाली ढकलली. आपण काय शाळेचे शिपाई आहोत, असा चेहरा केला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. बहुतेक वेळ ते तसेच पडून असत.

शनिवारी दुपारी वहिनीने चिमीला बोलावून घेतलं. वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची, आणि तिची रजा आता संपली होती.

"सोमवारपासून मी जाणार. सकाळची एक बाई लावलीये. पण ती नवी, बाबा बोलू शकत नाहीत. काही झालं तर कळणार कसं? आणि खरं सांगू, मला भीती वेगळीच वाटते. बाबा असेच गप्प पडून राहिले तर तेही जातील. तू ती बटणं मोठी करून दे."

"मूळ कोड नाहीये, वहिनी. तयार ॲप तेवढं आहे."

"मग त्यातच कर की."

"तसं नसतं. दादाने लिहिलं ते माणसाला वाचता येईल असं होतं. यंत्राला देण्याआधी ते दळून बारीक करतात. फंक्शनांची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्यांची नावं जातात, त्यांच्या जागी एकेक अक्षर येतं. आणि आत ज्याला कोणीच बोलावत नाही, ते फंक्शन तर काढूनच टाकतात."

"कोण काढतं?"

"यंत्रच. फुकटचं ओझं नको म्हणून."

"बरं आहे तुमचं यंत्र," वहिनी म्हणाली आणि वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली.

चिमी पालथा पडलेला टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पिठाचे परत दाणे होत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण एक वाट होती. दादाच्या ॲपला हातच लावायचा नाही. आपलं वेगळं, साधं एचटीएमएल पान लिहायचं, त्यावर मोठी बटणं ठेवायची, दादाचं ॲप त्या पानात मागे, न दिसेल असं चालू ठेवायचं, आणि बटण दाबलं की बाहेरून आतल्या फंक्शनला सांगायचं, हे वाक्य बोल. अट एकच: आतल्या फंक्शनला बाहेरून बोलावता येईल असं एखादं नाव शिल्लक हवं.

तिने ती फाइल उघडली. लाखो अक्षरं, आणि सगळी एकाच ओळीत. ए, बी, एक्स, क्यू, पुन्हा ए. दादाचा कुठेही मागमूस नव्हता. ती अर्धा तास नुसती ती ओळ सरकवत राहिली, आणि मग त्या पिठात एक अख्खा दाणा सापडला. इंग्रजी अक्षरांत, पण संपूर्ण: बाबाबोला. ॲपच्या आत त्याला कोणीही बोलावत नव्हतं. यंत्राने ते केव्हाच काढून टाकलं असतं. पण दादाने ते मुद्दाम ब्राउझरच्या विंडोला बांधून ठेवलं होतं, जिथून बाहेरच्या पानाला ते सापडेल. त्याला स्वतःला त्याची काही गरज नव्हती. हे दार ज्याला पुढे कधी बटणं मोठी करायची असतील त्याच्यासाठी होतं.

हे लक्षात आल्यावर चिमीला काय वाटलं? काहीही नाही. तिने चहा टाकला, उभ्यानेच प्याली आणि परत येऊन बसली.

पान लिहून झालं. उघडताच त्याने बाबाबोलाला बोलावलं. उत्तर आलं: असं फंक्शनच नाही. तिने स्पेलिंग तपासलं, पुन्हा चालवलं. असं फंक्शनच नाही. दहाबारा वेळा तेच. मग तिला चूक दिसली, आणि ती चूक अशी होती की ऑफिसात नवख्यांना ती त्यावरून झाडायची. तिचं पान उघडताक्षणी हाक मारत होतं, आणि दादाचं ॲप तोवर जागंच झालेलं नसायचं. आवाजाचे एवढे तुकडे, त्याला उठायला चार सेकंद लागत. झोपलेल्या माणसाला बोलवायचं आणि ओ दिली नाही म्हणून तो घरातच नाही असं ठरवायचं, तशातला प्रकार.

पण तो जागा झाला हे बाहेर कळायचं कसं? तिने पुन्हा ती लांबलचक ओळ धुंडाळली, आणि तेही तिथेच होतं. पूर्ण तयार झालं की ॲप बाहेरच्या पानात 'तयार' नावाचं फंक्शन शोधायचं. असलं तर त्याला बोलवायचं; नसलं तर गुपचूप पुढच्या कामाला लागायचं. तीन वर्षं, दर वेळी उघडल्यावर, ते असं बाहेर डोकावून पाहत होतं. बाहेर कोणी नव्हतं.

चिमीने 'तयार' लिहिलं. दोन ओळींचं काम: आतून हाक आली की मगच बाबाबोलाला बोलावायचं. पान उघडलं, हात मांडीवर ठेवून थांबली. चार सेकंदांनी टॅबलेटमधून बाबा खणखणीत म्हणाले, "पाणी आण."

आतल्या खोलीत पलंग करकरला.

रविवारी सकाळी पान बाबांसमोर आलं. आठच बटणं, एकेक तळहाताएवढं. वरच्या डाव्या कोपऱ्यात पाणी, मग दुखतंय, उशी, खिडकी, दिवा, आंघोळ, "नको म्हटलं ना", आणि शेवटी "चिमे, ये". ते शेवटचं अक्षरं जोडून केलेलं. ठोंब्याचं बटण तिने घेतलंच नव्हतं. आता ते कोण वाजवणार, आणि वाजलं तर घरात कोणाला सोसणार? चुलत्यापासून डॉक्टरपर्यंत कोणीही तिला हेच सांगितलं असतं.

बाबांनी टॅबलेटकडे बराच वेळ पाहिलं. मग थरथरता हात उचलला आणि पंजाच टेकवला. "पाणी आण."

वहिनीने पेला भरून आणला. बाबांनी तो घेतला नाही. पुन्हा तेच बटण. "पाणी आण." हे गार असेल म्हणून चिमीने कोमट आणलं. "पाणी आण." तिसरा पेला. चौथा. उशाच्या स्टुलावर चार भरलेले पेले ओळीत उभे राहिले, आणि बाबा त्या चारांकडे न बघता पुन्हा पंजा उचलत होते.

"घसा कोरडा पडत असेल," चिमी म्हणाली.

वहिनी टॅबलेटकडे बघत होती. "पाणी नकोय त्यांना. त्या कोपऱ्यात आधी काय होतं?"

चिमी स्टुलावरचे पेले मागे सरकवायला लागली.

"तू काढलंस?"

"घेतलं नाही. आता ते कोण... उगाच आपल्याला त्रास, त्यांनाही. तो नाहीये, वहिनी."

"मला सांगतेस?" वहिनीचा आवाज चढला नाही. "ऐकणारा गेला, मान्य. हाक मारणारा आहे ना अजून? त्याची हाक तू कोण काढून घेणार?"

चिमी टॅबलेट घेऊन बाहेर टेबलाशी गेली. पाण्याचं बटण एक घर पुढे सरकवलं, बाकीची त्याच्यामागे ढकलली, पहिल्या जागी दादाच्या बटणावरचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. तीन मिनिटांचंही काम नव्हतं. तिचे हात नेहमीसारखे चालले. आणून टॅबलेट स्टँडवर लावला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली, कारण जवळ उभं राहवेना.

बाबांनी पंजा टेकवला.

"ठोंब्या, इकडे ये जरा."

अख्खा, न जोडलेला आवाज. वैताग, हुकूम, सगळं त्यात जिथल्या तिथे. शेजारी नक्की दचकले असणार. वहिनीने पदर तोंडाला लावला. चिमीने खाली फरशीकडे पाहिलं. खोलीत कोणी हललं नाही.

बाबांनी पुन्हा दाबलं. "ठोंब्या, इकडे ये जरा." चिमीने मान वर केली. बाबा दादाच्या फोटोकडे बघत नव्हते, दाराबाहेरही बघत नव्हते. ते सरळ तिच्याकडे बघत होते.

"मी चिमी आहे, बाबा," ती म्हणाली. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी शंका तिला चाटून गेली.

बाबांनी मान हलवली, ठाऊक आहे अशी. मग शेवटच्या बटणावर हात नेला. "चि. मे. ये." असा सपाट, झोपाळलेला आवाज आला. बाबांनी तोंड वाकडं केलं आणि छापखान्यात खराब निघालेला कागद बाजूला भिरकवायचे तसा हात झटकला. तो कागद त्यांना पसंत नव्हता. त्यांनी पंजा परत पहिल्या बटणावर ठेवला.

"ठोंब्या, इकडे ये जरा."

"अगं, जा की," वहिनी हळूच म्हणाली. "तुलाच बोलावतायत. समोर नसलेल्याला ते कधी हाक मारतात का?"

चिमी निघाली. दारापासून पलंगापर्यंत सहा पावलं असतील. "आले, बाबा," असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि 'बाबा' नीट निघालंच नाही.

ती पलंगाच्या कडेला बसली. बाबांनी स्टुलावरचा एक पेला उचलून तिच्याकडे केला. अर्धं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. उरलेलं ती प्यायला लागली आणि दुसऱ्याच घोटाला तिला रडू फुटलं, आठ महिन्यांचं, लहान पोरासारखं, नाक वाहेपर्यंत. फार दुखत होतं. बाबा दुसरा पेला उचलायच्या खटपटीत होते.