मागच्या गल्लीतली दाढ

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. घाबरू नका, चावत नाही. माझ्या हिरड्या गुलाबी प्लॅस्टिकच्या आहेत आणि मागे एक बिजागरी आहे, म्हणून मला आ करता येतो. जन्मभर आ वासूनच बसलोय म्हणा ना!

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने माझा एकेक दात मागून स्क्रूने घट्ट बसवला, मला उघडून-मिटून पाहिलं आणि म्हणाला, "जा, हसव लोकांना." मी गेलो दातांच्या कॉलेजात, एका घाबरट मुलीच्या हाती. माझ्या दाढा कोरून कोरूनच ती शिकली. हात घसरला की मला "सॉरी हं" म्हणायची. पुढे तिने दवाखाना काढला, लोक तिला डॉक्टरबाई म्हणू लागले आणि मला टेबलावर मानाची जागा मिळाली. ब्रश कसा फिरवायचा ते ती माझ्यावर करून दाखवायची, आणि मुलं मला हात लावायला धडपडायची.

मग भिंतीवर टीव्ही आला. त्यातले दात आपोआप फिरायचे! माझी रवानगी खिडकीत झाली. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ते माझ्या तोंडात कोंबले जाऊ लागले. मित्रांनो, तोंडात कागद धरून गप्प बसणं काय असतं, ते मला विचारा.

एक दिवस डॉक्टरबाई वैतागून म्हणाली, "लोक दाढ पार किडली की मगच येतात. आधी सांगायचं कुठे? सगळे तर फोनमध्ये असतात!"

"मग आपणही तिथेच जाऊ की," मावशी म्हणाल्या. या मावशी म्हणजे दवाखान्याचा कणा. हत्यारं धुणं, फोन घेणं आणि घाबरलेल्या पेशंटचा हात धरून "काही नाही रे राजा, मुंगी चावल्यासारखं होईल" असं सांगणं, हे सगळं त्यांचंच काम.

डॉक्टरबाईने पांढरा कोट घालून भाषण केलं आणि तो व्हिडिओ सोशल मीडियावर टाकला. तो तिने पाहिला, तिच्या नवऱ्याने पाहिला आणि परगावच्या नणंदेने. नणंदेने खाली लिहिलं, "पडदे छान आहेत."

"बाई, राग मानू नका," मावशी म्हणाल्या, "पण तुमचं ऐकताना मला झोप येते. आणि मला तर त्याचा पगार मिळतो!"

असं म्हणून त्यांनी मला उचललं, तोंडातले कागद काढले आणि माझी उघडझाप करत खर्जात बोलू लागल्या, "नमस्कार, मी जबडेराव! पुढचे दात म्हणजे तुमचा मोठा रस्ता. पाहुणे बघतात, म्हणून तो रोज झाडता. आणि मागची गल्ली? तिथे परवाचं बिस्कीट मुक्कामाला आहे, त्याला कोण उठवणार? तुमचा काका?"

बाईने हसत हसत ते फोनवर टिपलं आणि सोशल मीडियावर टाकलं. झालं! मुलं दवाखान्याच्या दारातूनच विचारू लागली, "जबडेराव आहेत का?" माझा भाव असा वधारला, की मावशी मला रोज पुसू लागल्या.

एकदा मावशींनी व्हिडिओत गाजर खाऊन दाखवलं. त्याखाली एका छोट्या मुलीने लिहिलं, "मावशी डावीकडेच का चावतात? माझ्या बाबांची दाढ दुखते, तेव्हा तेपण असंच करतात."

डॉक्टरबाईने जुने व्हिडिओ काढून पाहिले. सफरचंद डावीकडे. काकडीही डावीकडे.

"मावशी, इकडे या. आ करा."

"आले असते हो, पण गॅसवर दूध ठेवलंय."

"दवाखान्यात गॅस कुठाय आपल्याकडे?"

शेवटी मावशींनी तोंड उघडलं. "दाढ अजून वाचेल," बाई हळूच म्हणाली. "पण आणखी थांबलात तर काढावी लागेल."

मावशींचे डोळे भरले. "ते दात कोरायचं मशीन सुरू झालं की पळून जावंसं वाटतं, बाई. तुम्हाला वाटतं, मी पेशंटचा हात धरते. खरं तर मीच त्याच्या आधाराने उभी असते."

त्या दिवसापासून मावशी व्हिडिओत यायच्या बंद झाल्या. मी परत खिडकीत, कागद परत तोंडात. मला स्वतःचं वाईट नव्हतं वाटत. मावशी चहासुद्धा फुंकून फुंकून, मान वाकडी करून पीत होत्या, ते बघवत नव्हतं.

मग त्या मुलीने पुन्हा लिहिलं, "मावशी, घाबरलात का? मी येऊन हात धरू?"

मावशींनी ते दोनदा वाचलं. पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या आणि सरळ खुर्चीत जाऊन बसल्या. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं नको व्हायला. बाई, फोन चालू करा. पळाले तर सगळ्यांना दिसू दे! आणि हात धरायला जबडेराव द्या."

मशीन घूं करू लागलं. मावशींनी मला असं आवळलं, की कट्‌ असा आवाज आला. बाईने दचकून हात थांबवला. "मावशी, दुखलं?"

औषधाने जड झालेल्या तोंडाने मावशी म्हणाल्या, "मला नाही हो. त्याला, बहुतेक."

माझी मागची दाढ खुर्चीखाली घरंगळत गेली होती. मित्रांनो, मावशींची दाढ वाचली. माझी गेली!

तो व्हिडिओ सगळ्यांत जास्त पाहिला गेला. पुढच्या आठवड्यात ती छोटी मुलगी बाबांचा हात धरून दवाखान्यात आली. बाबा दारातच अडून राहिले. मावशींनी त्यांना खुर्चीत बसवलं, मला त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आवळा खुशाल. याची सवय आहे त्याला."

डॉक्टरबाई माझी दाढ परत बसवणार होती. एका स्क्रूचं तर काम. मावशी म्हणाल्या, "राहू द्या." आता त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवूनच त्या मुलांना मागची गल्ली दाखवतात. माझी दाढ डबीत ठेवलेली आहे, केव्हाही बसवता येईल. पण तुमच्या दाढेला मागून स्क्रू नाही, मित्रांनो. तेव्हा आज झोपण्यापूर्वी ब्रश घेऊन मागच्या गल्लीत एक चक्कर मारून या. आणि दुखत असेल, तर गॅसवर दूध ठेवलंय म्हणू नका.