डाव्या वळणाची धास्ती

दुसऱ्याला नावं ठेवायची तर आधी आपले हात तपासावेत, ही साधी रीत आमच्या घरच्या धाकट्या सुनेला नाही. कुणी फाटकातून आत आलं की ती माझ्याकडे बोट करते आणि म्हणते, "म्हातारी झाली हो! मध्येच दम लागतो तिला, चालता चालता बसते." वर हसते. येणारेही हसतात. आणि हे सगळं माझ्या तोंडावर!

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी आहे, दमेकरी नाही. शाळा मी शिकले नाही, शाळेच्या भिंतीलगत पुष्कळ वेळ उभी राहिले, तेवढंच माझं शिक्षण. तेव्हा बोलण्यात चुकलं-माकलं तर पोटात घाला. पण माझं कुठे दुखतंय ते मला कळतं, आणि ते कुणाला सांगता येत नाही म्हणून जिवाची कशी तगमग होते, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला ओतलं, ठोकलं, घासलं, जोडलं. शेवटी एका रंगारी बाईने माझ्या काळ्या टाकीवर हाताने सोनेरी रेघ ओढली. ओढताना तिने श्वास रोखून धरला होता. ती रेघ अजून सरळ आहे. आजकालच्या गाड्यांना चिकटपट्ट्या लावतात, उन्हाने त्यांचे कोपरे सुटतात. असो, कुणाच्या लेकीबाळींना मी कशाला नावं ठेवू!

गुरांच्या एका डॉक्टरांनी मला घरी आणलं. कुणाची गाय अडली, कुणाच्या घोड्याचा पाय मुरगळला, निरोप आला की आम्ही दोघं निघायचो. खडी, चिखल, चढ, उतार, काही म्हणून बघितलं नाही. एकदा आजारी कोकरू टाकीवर आडवं घेऊन आलो. त्याने त्या सोनेरी रेघेवर जे करायचं ते केलं. मी ब्रसुद्धा काढला नाही, लेकरूच ते. लोक म्हणायचे, "डॉक्टरांच्या गाडीचा आवाज आला की जनावर निम्मं बरं होतं." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टर जुन्या चादरीच्या चिंध्या घेऊन माझ्यापाशी बसत. साखळी पुसत, तेल देत, एकेक नट हाताने चाचपून बघत. त्यांची बायको, आमच्या डॉक्टरीणबाई, दारातून म्हणायच्या, "एवढं कौतुक माझं कधी केलं नाहीत!"

"तू रस्त्यात बंद पडत नाहीस ना," डॉक्टर म्हणायचे.

"पडून दाखवू का?"

मग दोघंही हसायची, आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाई मागच्या सीटवर बसून आपल्या थोरल्या बहिणीकडे निघायच्या. बहीण राहते लांबच्या उतारापलीकडे. तो उतार नीट ध्यानात ठेवा.

डॉक्टर गेले. मी मागच्या पत्र्याच्या खोलीत गेले. टायर बसले, सीटवर कोंबड्या बसल्या, हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला. थोरला मुलगा आला की म्हणायचा, "भंगारात देऊन टाका, जागा तरी होईल." धाकट्याला दोन चाकांचीच भीती. लहानपणी सायकलवरून पडला, तो अजून उठतोय. डॉक्टरीणबाई मला कुणाला देऊ द्यायच्या नाहीत. एकट्या असल्या की खोलीत यायच्या, फडक्याने माझी टाकी पुसायच्या आणि निघून जायच्या.

मग धाकटी सून आली. शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिची मशीन, कपाटभर कापड, गळ्यात सदा टेप. तिने एक दिवस माझ्यावरचं पोतं ओढलं, शिंकली आणि म्हणाली, "आई, ही मी चालवू?"

"तुला येते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शिकेन की."

शिकली. शिकवणीच्या हलक्या गाडीवर शिकली आणि मग माझ्या मागे लागली. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, पोरीने कष्ट केले. उंदरांना घराबाहेर काढलं, टाकीतला गंज धुतला, टायर नवे घातले, बॅटरी नवी बसवली. सीटचा फोम स्वतः कापला, वर तपकिरी कातडं घातलं आणि अशी दुहेरी शिलाई मारली की कुणीही बोट फिरवून बघावं. मी मनात म्हटलं, हात चांगला आहे हो हिचा.

पण हौसेला लगाम नको? तिचे हात पडले आखूड. माझं हँडल धरायला तिला पुढे वाकावं लागायचं, पाठ दुखायची. म्हणून तिने नवं उंच हँडल आणलं, शिंगांसारखं वर गेलेलं. आता हँडल उंच झालं की त्याला येणाऱ्या वायरीही लांब लागतात. क्लचची लांब मिळाली, ब्रेकची लांब मिळाली. रेसची, म्हणजे जी मूठ पिळली की इंजिनाचा वेग वाढवते ती, दुकानात नव्हती. तिने माझी जुनीच वायर ओढून ताणून बसवली. "बसली बघा, आई!" म्हणाली आणि टाळी वाजवली.

बसली खरी. मला मात्र खोट तेव्हाच कळली. हँडल सरळ असलं तर ती वायर पुरत होती. हँडल डावीकडे वळलं की उजवी मूठ पुढे जायची, वायर ओढली जायची आणि कुणी रेस न देताच इंजिन पळायला लागायचं.

आता गंमत बघा. मी बाजूच्या स्टँडवर उभी राहते तेव्हा माझं हँडल डावीकडेच कललेलं असतं. सुनेने मला तशीच चालू केली. मी ओरडले. ती म्हणाली, "फारच रेस आहे की हिला," आणि उभ्या इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू पिळून मला शांत केलं. रस्त्यावर नेलं, हँडल सरळ झालं, वायर सैल पडली, मग मी बंद पडणार नाही तर काय करणार? कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तरी बघावं! त्यानेही मला स्टँडवरच उभी ठेवली, कान लावला आणि मान हलवली. "कार्बोरेटर झिजला. वय झालं हो, ताई." रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तेव्हापासून माझं नाव म्हातारी.

हा अपमान मी गिळला असता. पण एके दिवशी सकाळी निरोप आला, की बहीण अंथरुणाला खिळली आहे आणि सारखी डॉक्टरीणबाईंचं नाव घेते. डॉक्टर गेल्यापासून दोघींची भेट नव्हती. बसच्या पायऱ्या डॉक्टरीणबाईंच्या गुडघ्यांना चढवत नाहीत, आणि धाकटा तर कामावर.

"मी नेते तुम्हाला," सून म्हणाली.

आणि जाताना काय करावं? "आज मध्येच बंद पडायला नको," असं म्हणून तिने तो स्क्रू उलटा पिळला, चांगला भरपूर. आता सरळ रस्त्याला मी बंद पडणार नव्हते. पण डावं वळण आलं की अंगात आल्यासारखी धावत सुटणार होते. आणि लांबच्या उताराच्या पोटात जे वळण आहे ते डावं आहे, कोयत्यासारखं वाकलेलं, आणि त्याच्या कडेला कठडा नाही. खाली नुसते खडक. मागे बसणार डॉक्टरीणबाई, त्यांची हाडं काचेच्या बांगडीसारखी. पुढे ही नवशिकी. घाबरली तर क्लच आधी दाबायचा की ब्रेक, हे तिच्या हातांना अजून ठाऊक नाही.

"घट्ट धरा, आई."

"मी जन्मभर घट्टच धरलंय. तू पुढे बघ."

निघालो. फाटकातून उजवीकडे वळलो. मुख्य रस्ता सरळ होता. सून खुशीत होती. "बघा, एकदाही बंद पडली नाही!" डॉक्टरीणबाईंनी मागून तिच्या पाठीवर थाप मारली. मी एकटी आतून धडधडत होते. दुतर्फा दुकानं मागे गेली, पिठाची गिरणी गेली, आणि आलं एक डावं वळण, अगदी हलकं. मी पुढे उसळले.

"आई, तुम्ही हललात?"

"मी कशाला हलू? मी काय चिमणी आहे?"

सुनेने वेग कमी केला. पण तिची मूठ घामेजली, ते मला कळलं. पुढच्या डाव्या वळणाला मी अजून जोरात ओरडले. मित्रांनो, गाडीला दुसरी भाषा नसते. मला जेवढं ओरडता येत होतं तेवढं मी ओरडले. तेवढ्यात उताराचा माथा आला. खालचं वळण दिसायला लागलं, आणि एक भरलेला ट्रक कण्हत कण्हत वर येत होता.

सुनेने मला कडेला घेतलं आणि थांबवलं.

"का गं थांबलीस?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतरलं की घरच आहे तिचं. ते बघ, छप्पर दिसतंय."

"एक मिनिट, आई. उतरा जरा."

"इथे, भर रस्त्यात? लोक बघतायत."

लोक बघतच होते. चहाच्या टपरीवरून कुणी तरी ओरडलं, "ताई, म्हातारी दमली वाटतं!" सुनेचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही हट्टाने बसेल आणि उतारावर सोडेल मला. 'म्हातारी' हे नाव तिनेच तर लोकांना शिकवलं होतं. तिने एकदा उताराकडे पाहिलं, एकदा सासूकडे. आणि आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. मला मधल्या मोठ्या स्टँडवर घेतलं, हँडल सरळ धरलं आणि मला चालू केलं. मग हँडल उजवीकडे फिरवलं. मी होते तशीच होते. मग डावीकडे फिरवलं.

मी किंचाळले. टपरीवरची माणसं उभी राहिली.

सुनेने चटकन किल्ली फिरवली. खाली बसली, त्या ताणलेल्या वायरीवरून बोट फिरवलं. तिचा रंग उडाला होता.

"आई," ती म्हणाली, "बाही आखूड शिवली की हात वर करताना काख कशी ओढते, तसं झालंय हे. हँडल मी उंच केलं आणि वायर जुनीच ठेवली. हिला काही झालेलं नाही. माप माझं चुकलं."

डॉक्टरीणबाई खालच्या छपराकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेने ते पाहिलं, तरी किल्लीला हात लावला नाही. "आज नाही नेत मी तुम्हाला. रागवा हवं तर."

"रागावलेच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोळे पुसले आणि माझ्या मागच्या पट्टीला हात लावला. "चल, ढकल. मी मागून जोर लावते."

"तुम्ही नुसतं सोबत चाला, आई."

टपरीवरून पुन्हा हसू आलं तेव्हा सून मागे वळून मोठ्याने म्हणाली, "म्हातारी नाही दमली, दादा. शिवणारीने बाही आखूड शिवली!" आणि मला ढकलत घरापर्यंत आणलं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी सायकल असेल, पंखा असेल, शिलाईची मशीन असेल. ती ओरडली, अडली, कुरकुरली तर लगेच वयावर जाऊ नका. आधी बघा, आपण तिच्यात काय बदललं. एक गोष्ट बदलली की तिच्याशी बांधलेल्या बाकीच्या सगळ्या तपासाव्या लागतात. नटवायला हौस पुरते, सांभाळायला कान लागतात.

सुनेने शहरातून लांब वायर मागवली. ती स्वतः बसवली आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मग स्क्रू हळूहळू जागेवर आणला, हँडल सरळ ठेवून. तोवर डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन फाटकाशी येऊन उभ्या होत्या. बहीण अजून वाट बघत होती.

सुनेला मात्र धीर होईना. मूठ धरायची, सोडायची. "आई, आज बसाल का माझ्या मागे?"

"मला काय विचारतेस? गाडीला विचार."

सुनेने खरोखरच माझ्या टाकीवर हात ठेवला. मग मीही माझ्या भाषेत, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, तिला मोठ्याने म्हणाले:

"सूनबाई, हात तुझे अजून कच्चे आहेत आणि जीभ फार सैल आहे. पण भर रस्त्यात चूक आपल्या पदरात घेतलीस आणि डॉक्टरीणबाईंना त्या वळणावर नेलं नाहीस. म्हणून मी तुला माझी म्हणते. आता रडू नकोस, मागे बघून घे आणि क्लच हळू सोड."