राग्नहिल्डचा शिंगाचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना कंगवा आहे, मेंढ्याच्या शिंगाचा. नॉर्वेतल्या एका खाडीकाठच्या गावात राग्नहिल्डच्या वडिलांनी शिंग उकळून सपाट केले, बारीक करवतीने माझे दात पाडले आणि लेकीच्या लग्नात मला तिच्या हाती दिले.

तिला तरुणपणापासून अर्धशिशी होती. आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड थरथरे, मग डोक्याची एकच बाजू ठणके, उलट्या होत. पडदे ओढून ती पडून राही. दुसऱ्या दिवशी मोकळी झाली की आधी मला मागे. "आता बरं वाटलं," म्हणे. तेवढे कौतुक मला पुरत असे.

सत्तरीनंतर डोके पुन्हा दुखू लागले, पण या वेळी थांबेचना. कानशिलाला माझा दात लागला तरी ती कळवळे. अखेर तिने मला खणात टाकले आणि डोक्याला रुमाल बांधला. कडक पापडी भाकरी चावताना जबडा भरून येई, म्हणून ती दुधात भिजवू लागली.

"दात म्हातारे झाले तुझे," तिचा नवरा आयलिफ चिडवायचा. "डॉक्टरकडे जाऊ या का?"

"अर्धशिशीच आहे रे. जुनी ओळख आमची. तेवढ्यासाठी बोटीने जायचं आणि खऱ्या आजाऱ्याचा वेळ खायचा?"

आमच्या गावात हा समजूतदारपणा मानतात.

एका सकाळी तिला डाव्या डोळ्याने दिसेना. इस्पितळात नेताना आयलिफने मलाही पिशवीत टाकले.

डॉक्टरबाईंनी विचारले, "केस विंचरताना दुखतं?"

"कंगवाच ठेवून दिलाय."

"चावताना जबडा?"

"तोही दुखतो. पण ही माझी अर्धशिशीच ना?"

डॉक्टरबाईंनी कानशिलावरची टणक शीर चाचपली. "नाही, राग्नहिल्ड. अर्धशिशी येते आणि जाते. पन्नाशीनंतर डोकं वेगळ्याच तऱ्हेनं दुखायला लागलं, की आम्ही आधी ही शीर बघतो. हिला सूज आलीय. डोळ्याला रक्त नेणाऱ्या शिरांनाही आली असणार."

"डोळा परत येईल?" आयलिफने विचारले.

"हा नाही येणार. दुसरा वाचवायला औषध आत्ताच सुरू करते."

उजवा डोळा वाचला. आता मी पुन्हा तिच्या केसांतून फिरतो, आणि ती कळवळत नाही. फक्त डावीकडची एक बट रोज विंचरायची राहते. आयलिफ मला तिच्या हातातून घेतो आणि ती बट मागे सारतो.

मित्रांनो, माझे दात झिजले तर झिजू द्या. पण तुमच्या घरातल्या कुणी कंगवा खणात ठेवून दिला, तर एकदा जवळ बसून विचारा, का ठेवला.