पानं धुणाऱ्या केवळाबाई

"दुप्पट! केवळाबाई, फवारणीनं पानातलं झिंक चक्क दुप्पट झालंय!"

अंबरीश सरांनी कागद हवेत नाचवला. लातूरच्या त्या पान-परीक्षण प्रयोगशाळेत त्यांना इतकं खुललेलं कुणी पाहिलं नव्हतं. औशाच्या श्रीमंतरावांची मोसंबी पिवळी पडत होती. झिंक फवारण्याचा हा प्रयोग त्यांच्याच बागेवरचा. "रविवारच्या मेळाव्यात सगळ्यांना सांगून टाकतो. हीच फवारणी करा म्हणावं."

केवळाबाई बेसिनपाशी थिजून उभ्या राहिल्या. आलेलं पान न् पान धुणं, वाळवणं, दळणं हे त्यांचं काम. भूकंपात नवरा आणि थोरला मुलगा भिंतीखाली गेले, राहिली तनुजा. भूकंपग्रस्त म्हणून मिळालेली ही नोकरी सहा वर्षं झाली तरी कच्चीच होती. कायम करण्याचा कागद पुढच्या महिन्यात सरांच्या सहीनं जायचा होता.

आणि ती पानं त्यांनी धुतलीच नव्हती.

पानं आली त्या सोमवारी तनुजाला अकरावीच्या क्लासला घालायचं होतं. क्लासच्या दारात पहाटेपासून पालकांची ही गर्दी! धापा टाकत परतल्या तेव्हा दुपार उलटली होती. पानं नुसती फडक्यानं पुसून त्यांनी वाळवायला सारली. पानावर बसलेलं औषध पानातलं म्हणून मोजलं गेलं.

दोन दिवस अन्न गोड लागेना. शेवटी लेकीला सांगितलं.

"आई, गप बस ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय की गं."

शनिवारी श्रीमंतराव हसतच प्रयोगशाळेत आले. "सर, लई झ्याक झालं बघा! समद्या बागेला मारतो. भावकीलाबी सांगून आलो."

केवळाबाईंनी हात पदराला पुसले. "सर, ती पानं म्या धुतली न्हाईत."

सरांना आधी समजलंच नाही. समजलं तसे ते खुर्चीत बसले. "मेळाव्याच्या आदल्या दिवशी सांगताय?"

"हाव सर. चुकलं माझं."

"म्हंजी फवारणी फुकट गेली का?" श्रीमंतरावांनी विचारलं.

"ते नवी पानं धुतल्याबिगर कुनालाच ठावं न्हाई, दादा. मला बागेत घिऊन चला."

त्याच झाडांची पानं त्यांनी स्वतः तोडून आणली. एकेक पान साबणाच्या पाण्यातून काढलं, मग तीन वेळा स्वच्छ पाण्यातून. आठवड्यानं आकडा आला: झिंक वाढलं होतं, पण अगदी जेमतेम. मेळाव्यात सरांनी प्रयोग अपुरा आहे एवढंच सांगितलं होतं. केवळाबाईंचं नाव काढलं नव्हतं. श्रीमंतरावांनी भावकीला थांबवलं. कायम करण्याचा कागद मात्र त्या वर्षी गेला नाही.

सर रागावले नाहीत. नमुन्यांच्या वहीत त्यांनी पट्टीनं एक नवा रकाना आखला: धुणाऱ्याची सही.

शिपाई केरबाला ते खटकलं. "मावशी, ह्यो तर तुमच्यावर अविश्वासच की."

"असू दे की रे," म्हणत त्यांनी पेन घेतलं. सहीपुरता अरुंद रकाना होता. केवळाबाईंनी त्यात जाड, वळणदार अक्षरांत, नवऱ्याच्या नावासकट आपलं पूर्ण नाव लिहिलं.