रेघेचा दगड

...पांढरी रेघ अजून तशीच आहे, दगडाच्या पाठीवरून तिरकी गेलेली, कुणी खडूनं ओढून हात झटकावेत तशी. ती ओढ्याकाठी उकिडवी बसली, गुडघे कुरकुरले. बोटं पुढं गेली आणि दगडापासून वीतभर अंतरावर थांबली. या दगडाला हात लावायचा नाही—अडतीस वर्षांचा नेम. तिचा पहिला.

नंतर कितीतरी नेम झाले. सकाळची प्रार्थना होईस्तोवर मौन, आठवड्यातून एकदा अळणी जेवण, झोपताना ज्याचा राग आला त्याचं नाव घेऊन मनातल्या मनात क्षमा. दादा हसायचा. "तुझे नेम लक्षात ठेवायला एक कारकून ठेव गं."

"काकू, मिळालं का काही?" वरच्या अंगाला पोटरीभर पाण्यात उभ्या असलेल्या पाहणीवाल्या मुलीनं विचारलं.

"अजून नाही."

खोटं नव्हतं ते. शोधलंच कुठं होतं?

ओढा नळात घालून वरून रस्ता न्यायचा होता. नारिंगी पोटाचा बेडूक इथं असल्याची जुनी नोंद होती, म्हणून मुलीला शोधायला चार दिवस मिळाले होते, आणि आज चौथा. दुपारपर्यंत दिसला तर रस्ता वळणार, नाही तर कागदावर 'आढळला नाही'. शाळेच्या मुख्य बाई मुलीला म्हणाल्या होत्या, आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना न्या, त्या ओढ्याकाठीच वाढल्यात... प्रयोगशाळेत ती रोज बरण्या पुसते. स्पिरिटमधल्या बेडकांची पोटं पांढरीफटक. रंग तेवढा आधी जातो. बोटं, डोळे, पायांची घडी सगळं वर्षानुवर्षं राहतं. पुसता पुसता ती त्यांच्या पोटात मनानं नारिंगी भरत असे, आणि मग फडकं उगाच जोरात फिरायचं.

नऊ वर्षांची होती ती, दादा तेरा. शोधायचं त्यानं शिकवलं—आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. दगड आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे खालच्याला समोरून पळायला वाट राहते. आणि ठेवताना होता तसाच ठेवायचा. "त्यांचं छप्पर आहे ते. आपल्या घराचं छप्पर कुणी उलटं घातलं तर चालेल तुला?" दादा असं बोलला की तिला वाटायचं, ओढा यानंच घडवला असावा. दुपारभर दोघं पाण्यातून चालायची, चपला हातात, एकही शब्द न बोलता... तसं भरलेलं मौन पुढं कुठल्या व्रतात तिला मिळालं नाही.

आणि एक दिवस ती एकटीच आली. रेघेचा दगड उचलला तर खाली काचेच्या मण्यांसारखी अंडी, त्यांवर पोट टेकून बसलेली बेडकी, कडेनं नारिंगी डोकावणारं. दादाला सांगायला ती इतक्या घाईनं पळाली की दगड कसा टेकला हे बघितलंच नाही. दादा त्या दिवशी तापानं फणफणलेला. तिसऱ्या दिवशी दोघं आली तेव्हा रेघ खाली होती, उन्हानं तापलेली पाठ आत गेलेली, दगडाखाली बोटभर फट. मणी सुकून चामड्यासारखे झाले होते. बेडकी मात्र त्यांवर तशीच बसलेली—राखत.

दादानं दगड मुकाट्यानं सुलटा केला. तिनं रडत शपथ घेतली, पुन्हा याला हात लावणार नाही. "बरं," तो म्हणाला, "मीही नाही."

तिनं पिशवीतून फोन काढला.

"दादा, रेघेच्या दगडापाशी बसलेय. उचलू का? शब्द दोघांचा होता, तुला विचारल्याशिवाय कसा..."

पलीकडे कपात चमचा फिरत होता. तो थांबला.

"अगं वेडाबाई, मी पुढच्याच वर्षी उचलला होता."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"होती ती. अंडी घालून बसलेली. त्याच्या पुढच्या वर्षीसुद्धा."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू इतकं मन लावून पाळत होतीस. तुझ्या हातातून ते कसं काढून घेऊ? मग मला नोकरी लागली, गाव सुटलं... राहून गेलं गं."

फोन तिनं पिशवीत ठेवला. आज रात्री क्षमेला दादाचं नाव घ्यावं लागणार... पहिल्यांदाच. बेडकी इथं होती, दोन-दोन वर्षं, जिवंत, ओलीकच्च, आणि मी घरात बसून तिच्यासाठी रडत होते. मी कशावर बसून राहिले एवढी वर्षं? पण हेही खरं की न उचललेल्या दगडाखाली ती रोजच होती, रंगासकट. दादानं पाहिलं त्यालाही जमाना लोटला. आता खाली नुसती माती निघाली तर...

"काकू, बारा वाजत आले."

"हो."

प्रार्थनेचे शब्द ओठांवर आलेच नाहीत. आला तो दादाचा तेरा वर्षांचा फुटका आवाज—आपल्या बाजूला, हळू. तिनं सावली मागं घेतली, दोन्ही हातांची बोटं दगडाखाली घातली. आत गारवा होता, ओल होती. तिनं श्वास धरला.

दगड आठवणीतल्यापेक्षा फार हलका होता.