अंगणात वाजलेली कॅसेट

भुईगावात एडवर्डबाबांच्या घरी कॅसेट भरायची म्हणजे आधी दारं-खिडक्या लावायच्या. थोरला आग्नेल आखातात नोकरीला. तिथले कस्टमवाले कॅसेट ऐकून मगच हाती देतात, प्रार्थनेचा शब्द सापडला तर नोकरीवर पाणी, असं त्याने बजावलेलं. म्हणून त्याची बायको क्लारा चर्चची घंटा थांबेपर्यंत टेपचं बटण दाबत नसे. परक्या सरकारला भिऊन ही माणसं आपल्याच घरात देवाचं नाव गिळत होती.

आपल्या सरकारचं मात्र कुणाला भय नव्हतं. घरचंच ते! आणीबाणी लागली होती, तरी धाकटा प्लासिड त्याच कॅसेटमध्ये घरच्या बोलीत खुशाल म्हणाला, "दादा, नसबंदीवाले वाडीवाडीत फिरतायत. सरकार आता खाटेखालीही वाकून बघायला लागलंय." मग रिवाजाप्रमाणे, पाठवण्याआधी, ती कॅसेट साऱ्या आळीसाठी अंगणात लावली. लोक पोट धरून हसले. शेजारचे निकोलसकाका तर म्हणाले, "ते खाटेचं परत लाव गं, क्लारा." तिने लावलं.

आठवड्याने पोलीस आले आणि प्लासिडला घेऊन गेले. क्लारा चौकीत विचारायला गेली, तेव्हा फौजदाराने खाटेचं ते वाक्य शुद्ध मराठीत तिला म्हणून दाखवलं. वर म्हणाला, "बाई, तुम्ही शिक्षिका. नोकरी सांभाळा."

कॅसेट विमानतळावर कुणी ऐकली असेल, असंच तिला वाटत राहिलं. आग्नेलला थाप मारली की प्लासिड गोव्याला कामाला गेलाय. पुढे आग्नेलबरोबर आखातात काम करणारा रुडॉल्फ नाताळच्या सुट्टीवर आला. कॅसेट सुकेळ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या डब्यातून त्यानेच नेली होती.

"इथे तर डबा कुणी उघडलाही नाही," तो म्हणाला. "तिथल्या कस्टमवाल्याने मिनिटभर ऐकली, आठ्या घातल्या नि परत दिली. आपली बोली त्याच्या बापाला तरी कळते काय?"

क्लाराच्या हातातला कप तसाच राहिला. बोली कळणारा कान अंगणातच होता. आणि आपणच त्याला वाक्य दोनदा ऐकवलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

रुडॉल्फ परत निघाला, तशी नवी कॅसेट भरायची वेळ आली. एडवर्डबाबा म्हणाले, "गोव्याचंच सांग."

"बाबा, आपण भलत्याच दाराला कडी लावत होतो. तिथलं सरकार रागावलं तर आग्नेलला विमानात बसवून घरी धाडील. वाईटच ते, पण तो आपल्या दारात तरी उतरेल. इथलं सरकार दारातून पोराला नेतं आणि पत्ता देत नाही."

"म्हणून तर गप्प बस म्हणतोय. उद्या तुला नेलं तर मी म्हातारा कुठे शोधत फिरू?"

क्लारा म्हणाली, "प्लासिडला नेलंय हे पोलिसांना ठाऊक, आळीला ठाऊक. आपण लपवतोय ते फक्त त्याच्या सख्ख्या भावापासून."

याही वेळी तिने घंटा थांबू दिली. तिथे राहायचं आग्नेलला होतं. तिथला धोका त्याच्या डोक्यावर लादायचा तिला अधिकार नव्हता. इथला धोका मात्र तिचा स्वतःचा होता. तिने बटण दाबलं आणि वर्गात बोलते तशा स्वच्छ मराठीत सांगितलं, "आग्नेल, प्लासिड गोव्याला नाही. त्याला पोलिसांनी नेलंय. गुन्हा सांगत नाहीत, तुरुंगही सांगत नाहीत. मी चौकीत विचारते आहे आणि तो घरी येईपर्यंत विचारत राहणार."

रिवाज मोडायचं काही कारण नव्हतं. एडवर्डबाबांनीच टेप उचलून अंगणात नेला. आळी जमली, निकोलसकाकाही आले. कॅसेट वाजली. कुणी हसलं नाही. काका तेवढे खाली बघत पायाने चपला चाचपू लागले.

क्लाराने कॅसेट मागे फिरवली.

"बसा, निकोलसकाका. मागच्यासारखं परत लावते. चौकीत सांगताना एक शब्द चुकायला नको."